ड्रम कोणी उचलायचा

स्वरूपाला घाणीची किळस नव्हती. बारामतीतल्या एका लॅबमध्ये ती तेरा वर्षं काम करत होती. थुंकी, लघवी, शौच, पू, लोक डब्यांतून आणि बाटल्यांतून जे काही आणून द्यायचे त्यावर चिठ्ठी चिकटवायची, काचेवर घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे तिचं रोजचं काम. हात स्वच्छ धुऊन ती पलीकडच्या खोलीत डबा खायची आणि तिला काही वाटायचं नाही. नवीन लागलेल्या पोरींना पहिले आठ दिवस जेवण जायचं नाही. होईल सवय, असं ती त्यांना सांगायची. ज्याची सवय माणसाला होऊच नये असं काही तिला पुढं बघावं लागलं, पण ते लॅबमध्ये नव्हतं. ते घरात होतं.

घर कन्हेरीत, तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. ऋषिराज आधी ठिबकच्या कंपनीत नोकरीला होता. एकदा पुण्याकडं कसल्याशा शिबिराला गेला आणि तिथून परत आला तो सिमेंटचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायला लागला. नोकरी सोडून त्यानं मळ्यात घर काढलं. रानातलीच माती दाबून केलेल्या न भाजलेल्या विटा, वर चुन्याचा गिलावा, बांबूच्या कैच्यांवर जुनी कौलं, कपाटांना उसाच्या चिपाडाच्या दाबलेल्या फळ्या. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना आतल्या खोलीत चादर घ्यावीशी वाटायची. घर खरोखर चांगलं होतं. स्वरूपाला ते मनापासून आवडायचं आणि लॅबमधल्या बायकांना ती कौतुकानं त्याचे फोटो दाखवायची. घरात नियम बरेच होते. प्लॅस्टिकची पिशवी आत आणायची नाही, साबण रिठ्याचा, पाहुण्यांना चहा काशाच्या नाहीतर मातीच्या कपात. एकदा वापरून फेकायची कुठलीच वस्तू उंबऱ्याच्या आत येता कामा नये. ह्या नियमांचाही तिला जाच वाटत नव्हता.

घराच्या मागं कोरडा संडास होता. त्याला पाणी लागायचं नाही आणि टाकीही नव्हती. भांड्याखाली एक निळा ड्रम, तेवढा मात्र प्लॅस्टिकचा, कारण त्याला इलाज नव्हता. जाऊन आलं की वरून दोन डबे भुसा आणि मूठभर राख टाकायची. धुवायची जागा शेजारी वेगळी, तिथलं पाणी केळींना जायचं. दर पंधरवड्याला ड्रम भरला की तो ओढत परसात न्यायचा, तिथल्या विटांच्या हौदात ओतायचा, वर पाला घालायचा, ड्रम खंगाळून उन्हात पालथा घालायचा. वर्षभरात त्याचं खत होतं, असं ऋषिराज सगळ्यांना सांगायचा. शास्त्र बरोबर होतं. स्वरूपानं स्वतः वाचून खात्री करून घेतली होती.

पाळीपाळीनं उचलायचं, असं ठरलं होतं. पहिली पाळी ऋषिराजची. त्यानं नाकाला रुमाल बांधला, झाकण काढलं, आणि केळींच्या बुडाशी जाऊन ओकला. दुसऱ्या पाळीला त्याची कंबर धरली. तिसऱ्या पाळीला त्याला सोलापूरला मातीच्या घरांवर व्याख्यान होतं. मग एक दिवस तो अगदी सहज म्हणाला, "तू लॅबमध्ये रोज हेच करतेस की. तुला काय वेगळं आहे त्यात?"

तिला ते लागलं. तेव्हापासून ड्रम तिचा झाला. दीड वर्ष तिनं तो उचलला. रविवारी सकाळी उठायचं, रबरी हातमोजे चढवायचे, आणि चहाच्या आधी ते उरकून टाकायचं. उन्हाळ्यात फारसा त्रास नसायचा. पावसाळ्यात भुसा ओला व्हायचा, घट्ट बसलेला माल सैल व्हायचा आणि ओढताना कडेवरून हिंदकळायचा. एका श्रावणात तिनं झाकण उघडलं तर आतला सगळा थर हलत होता. पांढऱ्या अळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, एकमेकींवरून वर चढत होत्या. काही तिच्या मनगटावर पडल्या. तिनं त्या झटकल्या आणि ड्रम ओतला. त्या दिवशी ऋषिराज ओसरीवर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होता की आमच्याकडं अजिबात वास येत नाही, तुम्ही या आणि बघा.

सासू कुशाबाई ह्या सगळ्यावर काही बोलायच्या नाहीत. पुढं कळलं की त्या रोज पहाटे शेजारच्या सारजाच्या घरी जात होत्या. "माझ्यानं न्हाय व्हत त्येच्यावर बसायला," त्या एकदा स्वरूपाला म्हणाल्या. "पोराला सांगू नगंस."

मग स्वरूपाचा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी तीन महिने जड उचलायचं नाही असं बजावलं. ड्रमचं काय करायचं, हे तिनं नवऱ्याला विचारलं तेव्हा तो बघतो म्हणाला.

घराची जमीन सारवायला आणि गिलाव्याच्या भेगा बुजवायला लीलाबाई यायची. पन्नाशीची, वाळकी, हाताला विलक्षण सफाई असलेली बाई. तिनं सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या कमानी अशा एकसारख्या उमटायच्या की त्यावर पाय ठेवायला नको वाटायचं. तिचं सासर इंदापूरचं. नवरा गेल्यावर ती कन्हेरीला येऊन राहिली होती, आणि तिची मुलगी सुप्रिया बारामतीत नर्सिंगला होती. मुलीला हॉस्टेलमध्ये जागा मिळत नव्हती, ती ऋषिराजनं ओळखीनं मिळवून दिली होती. काम झालं की लीलाबाई आणि स्वरूपा ओसरीवर चहा घ्यायच्या. एका दुपारी बोलता बोलता लीलाबाईनं आपल्या सासूची गोष्ट सांगितली. सासू इंदापुरात घरोघरचे टोपलीचे संडास साफ करायची. पाटी डोक्यावर, पावसात ती गळायची, आणि ते पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं. घरी आल्यावर सासू तीन तीनदा राखेनं हात घासायची, तरी नातवंडांच्या डोक्यावर कधी हात ठेवायची नाही. मरताना तिनं सुनेकडून कबूल करून घेतलं होतं की उपाशी राहीन पण ह्या कामाला हात लावणार नाही. हे मी हितं कुणाला सांगितलं न्हाय ताई, असंही लीलाबाई म्हणाली.

आणि स्वरूपानं ते त्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं. जेवताना, मन भरून आलं होतं म्हणून. लीलाबाई किती सोसून आली आहे हे त्याला कळावं, एवढाच तिचा हेतू. ऋषिराज घास चावत ऐकत राहिला. सासूचं नाव काय होतं, एवढं त्यानं विचारलं.

पुढच्या रविवारी स्वरूपा खांद्याच्या व्यायामाला बारामतीला गेली होती. अकराच्या सुमाराला परत आली तर परसातून ड्रम ओढल्याचा आवाज येत होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ऋषिराज करतो आहे असं वाटून तिला क्षणभर बरंही वाटलं. मागं जाऊन बघते तर लीलाबाई. पदर नाकावरून घट्ट बांधलेला, हातात मोजे नाहीत. तिनं ड्रम हौदाच्या कडेला टेकवला, खालून हात घातला आणि उपडा केला. मग आत चिकटलेलं खराट्याच्या बुडख्यानं खरवडून काढलं. स्वरूपाकडं तिनं एकदा बघितलं आणि परत खाली मान घातली.

काम झाल्यावर ती नळाशी बसून हात घासत राहिली. बराच वेळ. ऋषिराज चहा घेऊन बाहेर आला. स्वतःला आणि स्वरूपाला काशाचे कप, आणि लीलाबाईला कागदी. तो कागदी कप घरात आला कुठून, हे स्वरूपाला कळेना. मग स्वयंपाकघरात चुलीमागं तिला त्यांची पन्नासची अख्खी चळत दिसली, नवी कोरी. म्हणजे त्यानं आधीच विचार करून, दुकानात जाऊन, मुद्दाम आणून ठेवले होते.

तिला किळस आली. तेरा वर्षांत लॅबमध्ये आली नव्हती, अळ्या मनगटावर पडल्या तेव्हा आली नव्हती, ती आता आली.

लीलाबाई गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. तो शांत होता. आपण कुणावर जबरदस्ती केली नाही, विचारलं आणि ती हो म्हणाली, असं तो म्हणाला. "आणि त्यांच्या घरात हे काम होतंच की. त्यांना हात बसलेला आहे. आपल्याला शिकावं लागतं." कुठलंच काम हलकं नसतं, हलकं मानणारं मन हलकं असतं, हेही तो म्हणाला. हे वाक्य तो व्याख्यानात वापरायचा आणि तिथं त्याला टाळ्या पडायच्या. हा माणूस आपल्या ताटात जेवतो, आपल्या शेजारी झोपतो, ह्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ती लीलाबाईच्या घरी गेली आणि हे काम करू नका म्हणाली. लीलाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"दादांनी पोरीच्या हॉस्टेलचं काम केलंय. न्हाय कसं म्हणू? तुमीच सांगा त्यास्नी."

स्वरूपानं सांगितलं. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ऋषिराज तिला समजावत बसला आणि दोन्ही वेळा ती थकून गप्प बसली. ह्याबद्दल ती स्वतःला पुढं कधी माफ करू शकली नाही. आपला खांदा दुखतो, आपल्याला सुट्टी नाही, पुढच्या खेपेला बघू, असं म्हणत तिनं आणखी दोन ड्रम लीलाबाईच्या हातून उचलू दिले.

तेवढ्यात घरात दुसरंही काही शिरलं. कुशाबाई आतापर्यंत लीलाबाईच्या हातचं पाणी घ्यायच्या, तिला आपल्या ताटातली भाकरी द्यायच्या. आता त्या स्वयंपाकघर सारवायला नको म्हणायला लागल्या. लीलाबाई ओसरीवर आली की त्या पाण्याची कळशी उचलून आत ठेवायच्या. स्वरूपानं विचारलं तर म्हणाल्या, "ती ते हात घेऊन येती गं. मला न्हाय चालत." ते हात तिला कुणामुळं घालावे लागतात, हे म्हातारीला ठाऊक होतं, पण पोराला बोलायची तिची टाप नव्हती. जे ह्या घरात कधी नव्हतं ते त्या ड्रमच्या वाटेनं आत आलं होतं, आणि ऋषिराजच्या लेखी हे घर अख्ख्या तालुक्यात सगळ्यांत पुढारलेलं होतं.

पौषात पुण्याहून पंचवीस-तीस माणसं घर बघायला येणार होती. बांधकाम शिकणारी मुलं, निवृत्त झालेली जोडपी, एक व्हिडिओ काढणारा. ऋषिराज आठवडाभर हवेत होता. शनिवारी स्वरूपा गाडीच्या डिकीतून किराणा काढत होती तेव्हा तिला गांडूळखताची एक रिकामी पिशवी सापडली, दुकानातली, छापील. आत आली तर तो टेबलावर कागद पसरून काचेच्या बरणीत काळंभोर, मऊ खत भरत होता. बरणीवर त्यानं चिठ्ठी लावली होती, आमच्या घरचं सोनं. खरं खत परसातल्या हौदात होतं, पण त्याला हात लावायची त्याची तयारी नव्हती. स्वरूपानं पिशवीची घडी केली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो हसला. लोकांना एवढं बारीक कळत नाही, म्हणाला.

रविवारी माणसं आली. ऋषिराजनं भिंती दाखवल्या, कैच्या दाखवल्या, चिपाडाच्या फळीवर हातोडी मारून दाखवली. ते सगळं तो छान सांगायचा आणि ते खरंही होतं, म्हणून स्वरूपाला जास्तच चीड येत होती. ती उसाचा रस देत मागून फिरत होती. परसात आल्यावर त्यानं बरणी उघडली, मूठभर खत नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि बरणी पुढं दिली. लोकांनी वास घेतले. कुणी रानातल्या मातीसारखा म्हणालं, कुणी पावसासारखा.

एका चष्मेवाल्या गृहस्थानं विचारलं की ड्रम रिकामा कोण करतं. ऋषिराज जणू ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं लीलाबाईला हाक मारली. ती घराच्या आडून पुढं आली. अंगावर नवं हिरवं इरकली लुगडं, त्यानंच आणून दिलेलं. तिला त्यानं दाखवायला बाहेर काढून ठेवलेल्या ड्रमशेजारी उभं केलं.

"ह्या आमच्या लीलाबाई," तो म्हणाला. "ह्या घराच्या खऱ्या नायिका. ह्यांच्या सासूबाई सुंदराबाई इंदापुरात हेच काम करायच्या. म्हणजे बघा, हे ज्ञान आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. आपण ते विसरलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओवाला गुडघ्यावर बसून लीलाबाईच्या हातांचं चित्रण करायला लागला. एका मुलीनं तिच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेतली. लीलाबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. तिचे कान लाल झाले होते. सासूचं नाव ऐकल्यावर तिनं एकदाच मान वर केली, आणि ती ऋषिराजकडं नाही, स्वरूपाकडं बघत होती.

स्वरूपानं रसाचं ताट जमिनीवर ठेवलं. ती पुढं गेली, व्हिडिओवाल्याच्या फोनवर हात ठेवून तो खाली केला, आणि दुखऱ्या हातानंच ड्रमचं झाकण काढलं. उन्हानं तापलेला वास एकदम वर आला. माणसं मागं सरली.

"बरणीतलं दुकानातलं आहे," ती म्हणाली. "आपलं हे. आज पंधरवडा भरला. उचला."

ऋषिराज हसल्यासारखा झाला. उचला, ती परत त्यालाच म्हणाली. तो ड्रमकडं बघेना. मग त्यानं हात झाडले आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाला की ऊन व्हायला लागलंय, आपण आधी माळ्यावरची हवा खेळायची सोय बघून घेऊ. आणि ते सगळे, मुलं, जोडपी, चष्मेवाले गृहस्थ, रुमाल नाकाला लावून त्याच्यामागं निघाले. सुटल्यासारखे निघाले. एकानंही काही विचारलं नाही. माळ्यावरून थोड्याच वेळात परत त्याचा आवाज आणि त्यांचं हसणं ऐकू यायला लागलं.

परसात दोघीच उरल्या. स्वरूपा काही बोलणार तेवढ्यात लीलाबाई म्हणाली, "त्यास्नी माझ्या सासूचं कुणी सांगितलं?"

स्वरूपानं झाकण उचलून ड्रमवर ठेवलं.

"तुमीच," लीलाबाई म्हणाली. ती चिडली नव्हती. नळाशी जाऊन तिनं हात धुतले, आज ड्रमला हात लावला नव्हता तरी धुतले, आणि रानातल्या पायवाटेनं निघून गेली.

स्वरूपानं तो ड्रम एकटीनं ओढत नेऊन ओतला. खांद्यात कळ येऊन डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी ती थांबली नाही. पाहुण्यांच्या गाड्या जायच्या आत तिनं ड्रम घासला, कोयत्यानं त्याच्या बुडाला दोन भोकं पाडली आणि तो बांधावर टाकून दिला. मंगळवारी ती ह्या घरावर काम केलेल्या झुंबर गवंड्याला घेऊन आली. त्यानं परसात जोडखड्डे घेतले, जाळीच्या विटांचे, एक भरला की दुसरा सुरू करायचा. दोन तांबे पाण्यात काम होतं आणि वर्षादोन वर्षांनी कोरडी माती तेवढी काढायची. ही सोय पहिल्या दिवशी करता आली असती, झुंबर म्हणाला, पण दादास्नी ती लई साधी वाटली. कुशाबाईंनी सारजाकडं जायचं बंद केलं.

ऋषिराज महिनाभर बोलला नाही. मग एका सकाळी स्वरूपा कामावर निघाली तर तो जोडखड्ड्यांच्या झाकणापाशी उभा राहून फोनमध्ये बघत बोलत होता. अनेक वर्षांच्या प्रयोगानंतर मी ह्या पद्धतीकडं वळलो, असं काहीतरी. तिनं तोंड फिरवलं आणि रस्त्याला लागली. तो जवळून गेला की अंग चोरायची तिला आता सवय लागली होती. तिनं आपलं अंथरूण सासूच्या खोलीत नेलं होतं. कुशाबाईंनी त्याचं कारण विचारलं नाही.

लीलाबाई कन्हेरी सोडून इंदापूरला दिराकडं राहायला गेली होती. डाळिंबाच्या शेडवर माल निवडायच्या कामाला लागली होती. मुलीचं हॉस्टेल शाबूत होतं. त्याला धक्का लागू नये म्हणून स्वरूपा स्वतः जाऊन तिथल्या बाईंना भेटून आली होती. फाल्गुनात एक सुट्टी बघून ती एसटीनं इंदापूरला गेली आणि विचारत विचारत ते घर शोधून काढलं.

लीलाबाईनं तिला आत घेतलं, बसायला चटई टाकली. स्वरूपानं वाटेत मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चूक माझी, मी सांगायला नको होतं, पुढं दोनदा बघूनही गप्प बसायला नको होतं. लीलाबाईनं ऐकून घेतलं. मग खांदा कसा आहे, विचारलं. ह्या वर्षी डाळिंबाला डाग फार आहे, शेडवर उभं राहून पाय सुजतात, असं सांगत राहिली. कुशाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. अर्धा तास असाच गेला. स्वरूपानं शेवटी विचारलं की तुम्ही मला माफ केलं का.

"माफ करायचं काय त्यात," लीलाबाई म्हणाली. "तुमी आलात, बरं वाटलं. परत आलात तरी बसा. पर मनातलं काय मी आता तुमास्नी सांगणार न्हाय."

हे तिनं बारामतीची गाडी किती वाजता आहे हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. स्वरूपा उठली. दारापर्यंत लीलाबाई आली, चपला नीट बघून घाला म्हणाली, आणि आत वळली. स्टँडवर बारामतीची गाडी लागलेली होती. खिडकीशी बसल्यावर स्वरूपानं आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि गाडी सुटेपर्यंत ती त्यांच्याकडंच बघत राहिली.